रिकव्हरी कोडमध्ये लॉक ठेवायचा की काढायचा: क्रमाने ठरवायची पद्धत

रिकव्हरीचा कोड, म्हणजे डेटाबेस क्रॅश झाल्यावर लॉगमधले बदल परत लावून (याला रिप्ले म्हणतात) डेटा सावरणारा कोड, रिव्ह्यूला आला की दोनपैकी एक गोष्ट हमखास दिसते. एक तर कोणीतरी लॉक काढून टाकलेला असतो आणि वर लिहिलेलं असतं, "रिकव्हरीत एकच प्रोसेस चालते, लॉकची गरज नाही". नाहीतर उलटं, भीतीपोटी अख्ख्या रिप्ले लूपभोवती एकच मोठा लॉक गुंडाळलेला असतो, आणि मग स्टँडबाय (मुख्य सर्व्हरचा लॉग लावत राहणारा जोडीचा सर्व्हर) मागे पडते, रिपोर्टवाले ओरडतात, आणि कोणाला कळतच नाही काहून. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे: खर्च आणि बरोबरपणा यांचा हिशोब मनातल्या मनात केला, कागदावर नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे स्वतःचं छोटं स्टोरेज इंजिन लिहून राहिले (आपल्या नागपुरात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असे प्रोजेक्ट बरेच येतात), किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एक्स्टेन्शनमध्ये स्वतःचे वॉल रेकॉर्ड (वॉल म्हणजे डेटाच्या आधी डिस्कवर जाणारा बदलांचा लॉग) आणि त्यांचे रिडू फंक्शन (रिप्लेत तो बदल परत करणारं) लिहितात. उदाहरणं जास्त करून पोस्टग्रेसची घेतलीत, कारण त्याचा सोर्स उघडा आहे आणि तुम्ही स्वतः उघडून ताडून पाहू शकता.

एक उदाहरण पूर्ण लेखात धरून चालू. समजा कळमना मार्केटमधल्या आडत्यांच्या वजन-पावत्यांचा डेटाबेस आहे. सकाळी संत्र्याचे लॉट उतरतात तेव्हा प्रायमरीवर (मुख्य सर्व्हरवर) पावत्यांची गर्दी, आणि स्टँडबायवर दर आणि बेरजा पाहणारे रिपोर्ट. मे महिन्यात लाइट गेली, यूपीएस पण तापून बसला, प्रायमरी धाडकन बंद. आता रिकव्हरी सुरू.

## टप्पा १: तयारी, एकही लॉक न हलवता

१. असर्ट (कोडमधल्या गृहीतकांच्या आपोआप तपासण्या) चालू करून वेगळा बिल्ड करा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी कॉन्फिगर करताना कॅसर्टचा पर्याय आहे. मोजमापाला मात्र हा बिल्ड वापरू नका, असर्टमुळे सगळंच हळू होते आणि लॉकचा खर्च खोटा दिसतो. दोन बिल्ड, दोन फोल्डर, नावं स्पष्ट.

२. परत परत चालवता येईल अशी रिकव्हरी बनवा. चेकपॉइंटचा टाइमआउट आणि वॉलची कमाल साइज मोठी ठेवा म्हणजे मध्ये चेकपॉइंट (बदललेला सगळा डेटा डिस्कवर उतरवणं, रिकव्हरी तिथूनच सुरू होते) होणार नाही, मग पावत्यांचा भरपूर लोड चालवा, सर्व्हर इमिजिएट मोडने (क्रॅशसारखा, चेकपॉइंट न करता) थांबवा आणि अख्खी डेटा डिरेक्टरी कॉपी करून ठेवा. दर वेळी या कॉपीची नवी कॉपी काढायची आणि तिच्यावर सर्व्हर सुरू करायचा. एकदा रिकव्हरी झालेली डिरेक्टरी परत वापरली तर रिप्लेला काही उरलेलंच नसते, आणि "अरे वा, किती फास्ट झालं" म्हणून लोक खूश होतात.

३. थंड आणि गरम असे दोन आकडे वेगळे लिहा. पहिल्यांदा पेज (डेटाचे ठराविक मापाचे तुकडे) डिस्कवरून येतात, दुसऱ्यांदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून. आधी जुना कोड थंडा चालवला आणि मग नवा कोड गरम, तर नवा कोड जिंकणारच, त्यात लॉकचा काही संबंध नाही.

४. एक एआरएम मशीन मिळवा, भाड्याचं क्लाउडवरचं चालेल. काहून ते टप्पा ६ मध्ये येईल.

तपासा: कोड न बदलता तीन-चार वेळा रिकव्हरी चालवा. आकडेच एकमेकांपासून दहा-पंधरा टक्के हलत असतील तर पाच टक्क्यांची सुधारणा तुम्हाला दिसूच शकत नाही. आधी हे हलणं कमी करा, मगच पुढे.

## टप्पा २: या क्षणी कोण कोण जागं आहे, त्याची यादी

बहुतेक लोक हाच टप्पा गाळतात, म्हणून इथे थोडं थांबू.

रिकव्हरी म्हणजे एकच अवस्था नाही. निदान चार आहेत, आणि प्रत्येकीत शेअर्ड मेमरीला हात लावणारे वेगळे:

क्रॅश रिकव्हरी: कोणी युजर आत नाही. रिप्ले करणारी स्टार्टअप प्रोसेस आहे. पण तेवढीच का? पोस्टग्रेस १४ पर्यंत साध्या क्रॅश रिकव्हरीत चेकपॉइंटर आणि बॅकग्राउंड रायटर (डर्टी, म्हणजे बदललेली पण डिस्कवर न गेलेली पेज लिहिणाऱ्या प्रोसेस) चालू नसायचे, १५ पासून ते चालू असतात. म्हणजे १४ वर "डर्टी पेज दुसरं कोणी लिहीत नाही" हे खरं होतं आणि १५ वर तोच कोड, तीच कॉमेंट, पण गोष्ट खोटी झाली.

स्टँडबाय, डेटा कन्सिस्टंट व्हायच्या आधी: वॉल रिसीव्हर (प्रायमरीकडून वॉल घेणारी प्रोसेस) आला, चेकपॉइंटर रीस्टार्टपॉइंट (रिकव्हरीतला चेकपॉइंट) करून राहिला, वाचणारे अजून बाहेर आहेत.

हॉट स्टँडबाय: आता रिपोर्टवाले आत आले. शेकडो वाचणारे, एक लिहिणारा.

प्रमोशन, म्हणजे स्टँडबायची प्रायमरी होते तेव्हा: रिप्ले संपतोय आणि लिहिणारे सुरू होतायत. वेळ छोटी, पण सगळ्यात घातक. पोस्टग्रेस इथे कंट्रोल फाइलमधली स्थिती आणि "रिकव्हरी संपली" हा शेअर्ड फ्लॅग दोन्ही एकाच लॉकखाली बदलते, म्हणजे चेकपॉइंटरला एक जुनं आणि एक नवं असं कधी दिसत नाही. या बदलासाठी हा लॉक सर्व्हरच्या एका आयुष्यात एकदाच लागतो. इथे नॅनोसेकंद वाचवायला जाणारा माणूस चुकीच्या ठिकाणी मेहनत करून राहिला.

आता मुख्य मुद्दा: रिडू फंक्शन एकच असते आणि ते या अवस्थांमध्ये तसंच्या तसं चालते. म्हणून नियम सगळ्यात गर्दीच्या अवस्थेला पुरेल असा हवा. मग कोणी म्हणते, "हॉट स्टँडबाय असेल तरच लॉक घेऊ, नाहीतर सोडू, एक इफ टाकला की झालं." नका टाकू. मोकळा लॉक इतका स्वस्त असतो की त्या इफने जवळपास काहीच वाचत नाही, आणि टेस्ट करायला दोन रस्ते तयार होतात, त्यातला एक फक्त खऱ्या क्रॅशलाच चालतो, म्हणजे नेमका ज्याची टेस्ट सगळ्यात कमी होते तो.

सावधान: "एकच प्रोसेस आहे" हे वाक्य कॉमेंटमध्ये लिहायचं असेल तर कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत तेही लिहा. नुसतं लिहिलेलं हे वाक्य दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाला फसवते.

## टप्पा ३: कोणता लॉक, ते वेगळं करा

"लॉक" या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात आणि मग वाद संपत नाही.

टेबल आणि रो वरचे मोठे लॉक: रिडूला साधारणपणे लागत नाहीत, कारण कोण आधी कोण नंतर हे लॉगनेच ठरवून दिलंय. पण दोन अपवाद आहेत. प्रायमरीवर टेबलवर अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक घेतला तर त्याची नोंद वॉलमध्ये येते आणि हॉट स्टँडबायला तो खरंच घ्यावा लागतो, नाहीतर रिपोर्ट चालू असताना टेबल पायाखालून ड्रॉप होईल. दुसरा, प्रिपेअर केलेले पण कमिट न झालेले ट्रान्झॅक्शन: त्यांचे लॉक लिहिणाऱ्यांसाठी दार उघडायच्या आधी परत उभे करावे लागतात.

पेजवरचा छोटा लॉक, ज्याला बरेच जण लॅच म्हणतात: हा रिडूला लागतोच. या लेखातला बहुतेक हिशोब याचाच आहे.

पिन: पेज मेमरीतून हलू नये म्हणून. वाचणाऱ्याने कंटेंट लॉक सोडला तरी पिन धरून तो रो कडे पॉइंटर ठेवून बसलेला असू शकतो, हे डोक्यात ठेवा, टप्पा ४ मध्ये लागेल.

स्पिनलॉक, अ‍ॅटॉमिक, बॅरियर: रिप्ले कुठवर आला वगैरे छोट्या आकड्यांसाठी. पहिला म्हणजे फिरत राहून वाट पाहणारा छोटा लॉक, दुसरं म्हणजे अर्धवट न दिसणारं वाचणं-लिहिणं, तिसरा म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा क्रम पक्का करणारी सूचना.

आणि एक गोष्ट जी "जास्त लॉक म्हणजे जास्त सेफ" म्हणणाऱ्यांनी नक्की पाहावी. एसक्यूलाइटमध्ये क्रॅशनंतर अर्धवट राहिलेली रोलबॅक जर्नल (बदलाआधीच्या पेजच्या कॉपी ठेवणारी फाइल) सापडली की रिकव्हरी करणारी प्रोसेस शेअर्डवरून एक्सक्लुझिव्हला जाते, पण मधला रिझर्व्हड लॉक मुद्दाम घेत नाही. काहून? रिझर्व्हड लॉक दिसला की बाकीच्या प्रोसेस समजतात की कोणीतरी जिवंत लिहिणारा आहे, म्हणजे ही जर्नल क्रॅशची नाही, आणि त्या बिनधास्त अर्धवट डेटा वाचायला घेतात. एक लॉक जास्त घेतला असता तर बरोबरपणाच मोडला असता.

## टप्पा ४: रिडू फंक्शनमधला क्रम

एका पेजच्या रेकॉर्डसाठी क्रम ठरलेला आहे, त्यात कलाकारी नको:

१. पेज एक्सक्लुझिव्ह लॉकसह घ्या.
२. पेजवरचा एलएसएन (लॉगमधली जागा सांगणारा नंबर) पाहा. रेकॉर्डएवढा किंवा पुढचा असेल तर काम आधीच झालंय, पेजला हात लावू नका.
३. बदल करा.
४. पेजवर नवा एलएसएन लिहा.
५. पेज डर्टी म्हणून खूण करा.
६. आता लॉक आणि पिन सोडा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक सहाव्या पायरीची आहे. लोक सोडायचं काम "बदल करायचा होता" या इफच्या आत लिहितात. पण पोस्टग्रेसचं पेज आणून देणारं फंक्शन "आधीच झालंय" आणि "वॉलमधल्या पेजच्या पूर्ण इमेजवरून परत आणलं" या दोन्ही उत्तरांतही पेज लॉक करूनच हातात देते. इफच्या आत सोडलं तर तो लॉक लटकून राहतो, आणि साध्या टेस्टमध्ये हे दिसतच नाही कारण तिथे प्रत्येक पेजला बदल लागतोच. सोडणं इफच्या बाहेर, बफर व्हॅलिड आहे का एवढं पाहून.

आता एकापेक्षा जास्त पेजचे रेकॉर्ड. पावत्यांच्या नंबरवर बी-ट्री इंडेक्स आहे, एक पान भरलं, दोन झाले (स्प्लिट). इथे तीन पेज बदलतात: जुनं डावं, नवं उजवं, आणि त्याच्याही उजवीकडचं ज्याची मागची लिंक बदलायची. वेग हवा म्हणून एक पेज झालं की लगेच सोडायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण वाचणारा मध्येच आला तर त्याला एका बाजूला नवी लिंक आणि दुसऱ्या बाजूला जुनी असं भेटू शकते, आणि उलट्या दिशेने स्कॅन करणाऱ्याच्या काही पावत्या गायब होतील. एरर नाही, क्रॅश नाही, फक्त बेरीज कमी. पोस्टग्रेसमध्ये हॉट स्टँडबाय २०१० साली ९.० मध्ये आलं आणि रिडूच्या बऱ्याच फंक्शनमध्ये नेमकी अशीच ढिलाई राहून गेली होती, कारण तो कोड वाचणारे नसायचे त्या काळात लिहिलेला होता. २०१२ च्या शेवटी ती एकत्र दुरुस्त केली गेली. आज स्प्लिटच्या रिडूमध्ये ही पेज एकत्रच सोडली जातात.

पण त्याच फंक्शनमध्ये उलटा निर्णय पण आहे. आतल्या पातळीवरच्या स्प्लिटमध्ये खालच्या पोराच्या पेजवरचा "स्प्लिट अर्धवट आहे" हा फ्लॅग पुसायचा असतो. प्रायमरीवर हे सगळं एकत्र होते, रिडूमध्ये मात्र ते पेज आधी घेऊन, पुसून, लगेच सोडून दिलं जाते. चालते, कारण तो फ्लॅग फक्त इन्सर्ट करणारे पाहतात आणि स्टँडबायवर इन्सर्ट करणारा कोणीच नाही. एकाच फंक्शनमध्ये तीन पेज धरून ठेवलीत आणि चौथं सोडलंय, आणि दोन्हींमागे "कोण वाचते" हेच उत्तर आहे. तुमच्या कोडमध्ये मला हेच पाहायला आवडेल.

सावधान: अनेक पेज घेताना क्रम नेहमीच्या कोडसारखाच ठेवा. पेज लॉकला डेडलॉक डिटेक्टर नसतो. उलटा क्रम झाला तर एरर येणार नाही, रिप्ले नुसता थांबेल आणि थांबूनच राहील.

क्लीनअप लॉक: व्हॅक्यूम किंवा प्रूनिंगमध्ये (जुने, नको असलेले रो साफ करताना) पेजवरचे रो सरकवले जातात. तिथे एक्सक्लुझिव्ह लॉक पुरत नाही, दुसऱ्या कोणाची पिन पण नको, कारण पिन धरलेला वाचणारा जुन्या जागेकडे पॉइंटर ठेवून बसलाय. रिकव्हरीतला खरा महाग लॉक हा आहे. एका रिपोर्टने पिन धरली की अख्खा रिप्ले थांबतो, आणि स्ट्रीमिंगसाठीची वाट पाहायची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद आहे, त्यानंतर रिपोर्ट कॅन्सल होतो. म्हणून स्वतःचा रेकॉर्ड लिहिताना विचारा: मी रो खरंच हलवतोय का, की फक्त खूण करतोय? फक्त खूण असेल तर साधा एक्सक्लुझिव्ह पुरते. हे दोन प्रकारचे बदल एकाच रेकॉर्डमध्ये कोंबले असतील तर ते वेगळे करण्याने जो फायदा होईल तो दहा स्पिनलॉक काढून होणार नाही.

## टप्पा ५: फाटलेलं, शिळं, उलटं

प्रत्येक शेअर्ड आकड्यासाठी तीन प्रश्न कागदावर लिहा. लॉक नसेल तर वाचणाऱ्याला आकडा फाटलेला दिसू शकतो का? शिळा दिसला तर चालते का? दोन आकडे उलट्या क्रमाने दिसले तर काय होईल?

फाटलेलं. पोस्टग्रेसच्या पेजवर एलएसएन ३२-३२ बिटच्या दोन अर्ध्यांत ठेवलेला असतो. समजा वरचा अर्धा ४ वरून ५ झाला आणि खालचा अर्धा जवळजवळ पूर्ण भरलेला होता तो शून्याजवळ आला. वाचणाऱ्याने वरचा नवा आणि खालचा जुना उचलला तर एलएसएन जवळपास ४ जीबी पुढचा दिसेल. वरचा जुना आणि खालचा नवा उचलला तर तितकाच मागे. पुढे दिसला तर फालतू वाट पाहावी लागेल, पण मागे दिसला आणि त्यावरून कोणी "वॉल डिस्कवर गेलाय" असं ठरवलं तर पेज लॉगच्या आधी डिस्कवर जाईल आणि पुढच्या क्रॅशला ते सावरता येणार नाही. ९.३ मध्ये चेकसम आले तेव्हा नुसत्या शेअर लॉकखाली एलएसएन बदलायची वेळ येऊ लागली, म्हणून तो वाचायला बफर हेडरचा लॉक घेणारं वेगळं फंक्शन आलं. त्यात एक सुंदर गोष्ट आहे: हिंट बिटसाठी (रो चं ट्रान्झॅक्शन कमिट झालं का याची पेजवरची खूण) वॉल लिहायची गरजच नसेल, किंवा बफर फक्त आपल्याच प्रोसेसचा असेल, तर लॉक न घेता सरळ वाचायचं. लॉक टाळला, पण कधी टाळता येतो ते नेमकं लिहून टाळला.

शिळं. किती पुढपर्यंत रिप्ले झाल्याशिवाय डेटा कन्सिस्टंट मानायचा नाही, तो पॉइंट कंट्रोल फाइलमध्ये असतो आणि तो फक्त पुढेच सरकतो. पेज फ्लश करताना दर वेळी कंट्रोल फाइलचा लॉक घेण्याऐवजी प्रोसेस आपल्याजवळची कॉपी पाहते. कॉपी शिळी असेल तर खऱ्यापेक्षा मागची असेल, म्हणजे फार तर एक जास्तीचा फेरा लॉक घेऊन होईल, चुकीचं "पुरे" कधीच म्हटलं जाणार नाही. "रिकव्हरी चालू आहे का" या फ्लॅगचं पण तसंच: एकदा "नाही" झालं की परत "हो" होत नाही, म्हणून "नाही" हे उत्तर जवळ साठवून ठेवलं तरी चालते, "हो" साठवून ठेवलेलं चालत नाही.

तपासा: तुमचा आकडा एकाच दिशेने जातो का, आणि शिळा आकडा सुरक्षित बाजूला चुकतो का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच लॉकशिवाय कॉपी ठेवा. एकाचं जरी "बहुतेक हो" असेल तर लॉक राहू द्या.

उलटं. रिप्ले इथपर्यंत आला, हा आकडा जाहीर केला पण पेजचा बदल अजून बाकी, हे म्हणजे काटा स्थिर व्हायच्या आधी पावती फाडणं. आधी काम, मग जाहीर. उलट दिशेला, म्हणजे काम झाल्यावर थोडं उशिरा जाहीर करणं, चालते. फक्त रिमोट अप्लायवर, म्हणजे स्टँडबायवर रिप्ले होईपर्यंत, कमिट अडकवून ठेवणारा प्रायमरी तेवढा वेळ ताटकळेल.

## टप्पा ६: आता खर्च, आणि कमी करायचा क्रम

आधी साधं गणित. मोकळा लॉक घेणं-सोडणं आजच्या मशीनवर काही दहा नॅनोसेकंदांत होते. जोडीला २० नॅनोसेकंद धरा. एक कोटी रेकॉर्ड, प्रत्येकी दोन लॉक: ०.४ सेकंद. आता त्याच एक कोटीतल्या फक्त एक टक्का रेकॉर्डना पेज एसएसडीवरून आणावं लागलं, एकेकाला १०० मायक्रोसेकंद, तर १० सेकंद. फिरणाऱ्या डिस्कवर तर बोलायलाच नको. म्हणून मोजल्याशिवाय "लॉकमुळे हळू आहे" म्हणू नका.

मोजायचं असं: रिप्ले चालू असताना हॉट स्टँडबायवर अ‍ॅक्टिव्हिटी व्ह्यूमध्ये स्टार्टअप प्रोसेस कशाची वाट पाहून राहिली ते दर सेकंदाला नोंदवा. आयओ दिसलं तर लॉक विसरा. बफर पिन दिसलं तर टप्पा ४ मधला क्लीनअप लॉक. काहीच वाट नाही आणि सीपीयू १०० टक्के असेल तर पर्फने (लिनक्सवरचं वेळ कुठे जातो ते मोजायचं टूल) फंक्शनवार पाहा. रिकव्हरी कॉन्फ्लिक्टच्या वाट पाहण्याचा लॉग पोस्टग्रेस १४ पासून मिळते, तो चालू करा, वाट डेडलॉक टाइमआउटपेक्षा लांबली की नोंद होते.

भांडण असलेला लॉक मात्र खरंच महाग असू शकते. पोस्टग्रेसमध्ये स्टार्टअप प्रोसेस प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर रिप्लेची जागा शेअर्ड मेमरीत लिहिते, आणि त्या जागेवर स्पिनलॉक राहत आला आहे. कोणी मॉनिटरिंगवाल्याने पन्नास कनेक्शनवरून ही जागा सतत विचारायला लावली तर ती कॅश लाइन (प्रोसेसरच्या कॅशचा एक तुकडा) कोअरमध्ये इकडून तिकडे उडत राहते. इथे पहिला उपाय कोडमध्ये नाही, मॉनिटरिंगमध्ये आहे: पाच सेकंदाला एकदा विचारा.

कमी करायचा क्रम असा ठेवा, आणि खालच्या पायरीवर तेव्हाच उतरा जेव्हा वरच्याने भागलं नाही:

१. लॉकच्या आतलं काम बाहेर काढा. डिस्क वाचणं, मेमरी घेणं, रेकॉर्ड डीकोड करणं, सगळं लॉकच्या आधी. पोस्टग्रेस १५ मध्ये रिकव्हरी प्रीफेच आलं ते याच वळणाचं: पुढे लागणारे ब्लॉक आधीच मागवून ठेवायचे.
२. एकाच कॅश लाइनवर बसलेले, वेगवेगळ्या प्रोसेस लिहितात ते आकडे वेगळे करा. एक्स८६ वर लाइन ६४ बाइटची.
३. दर रेकॉर्डला जाहीर करण्याऐवजी काही रेकॉर्डनंतर करा.
४. फक्त पुढे जाणारा आकडा असेल तर लोकल कॉपी.
५. अ‍ॅटॉमिक आणि बॅरियर.
६. लॉक काढणं.

पाचव्या पायरीबद्दल थोडं. स्टँडबायवर चालू ट्रान्झॅक्शनची यादी ठेवणारा जो अ‍ॅरे आहे त्यात नवं नाव फक्त स्टार्टअप प्रोसेस घालते. लिहिणारा एकच, म्हणून घालताना मोठा लॉक लागत नाही: आधी नाव अ‍ॅरेत लिहायचं, मग राइट बॅरियर, मग शेवटचा इंडेक्स पुढे सरकवायचा. वाचणारा आधी इंडेक्स वाचतो, मग रीड बॅरियर, मग नावं. दोन्हीकडे बॅरियर हवाच, एका बाजूचा एकटा काही कामाचा नाही. काढून टाकताना मात्र तिथे लॉक आहेच, कारण घालणं आणि काढणं यांचे प्रश्न वेगळे.

एआरएम मशीन इथे लागते. एक्स८६ वर दोन स्टोअर आपसात आणि दोन लोड आपसात जागा बदलत नाहीत, म्हणून बॅरियर विसरलात तरी बहुतेक वेळा निभावते, कंपायलरने ओळी फिरवल्या नाहीत तर. एआरएमवर प्रोसेसरच फिरवू शकतो. आणि व्होलाटाइल म्हणजे बॅरियर नाही. तो कंपायलरला परत वाचायला लावतो, प्रोसेसरला क्रम सांगत नाही.

सावधान: पायरी ६ ला जाताना "काढून पाहिलं, टेस्ट पास झाल्या" हे कारण धरू नका. रेस कंडिशनच्या बाबतीत पास झालेली टेस्ट फार काही सांगत नाही.

## टप्पा ७: तपासणी

१. रिकव्हरी चालू असतानाच प्रोसेस किल करा, परत सुरू करा, परत किल करा. अर्धी रिकव्हरी झालेल्या डेटावर परत रिकव्हरी चालली पाहिजे आणि शेवट तोच आला पाहिजे. एलएसएन तपासणी चुकली असेल तर इथे पकडली जाते.

२. वॉल कन्सिस्टन्सी चेकिंग ही सेटिंग, पोस्टग्रेस १० पासून आहे. टेस्टच्या प्रायमरीवर चालू करा, प्रत्येक रेकॉर्डसोबत पेजची पूर्ण इमेज जाते आणि रिप्ले झाल्यावर ताडून पाहिली जाते. फरक निघाला की रिप्ले थांबतो. वॉल प्रचंड फुगते, त्यामुळे टेस्टच्या मशीनवरच. आणि नीट लक्षात घ्या: ही तपासणी रिप्लेनंतरचे बाइट पाहते, मध्ये वाचणाऱ्याला काय दिसलं ते नाही. लॉक लवकर सोडल्याची चूक ही पकडूच शकत नाही. ही पास झाली म्हणून लॉकबद्दल निश्चिंत झालेले लोक मी पाहिलेत.

३. त्यासाठी वाचणारे लागतात. स्टँडबायवर रिपीटेबल रीडमध्ये (ट्रान्झॅक्शनभर डेटाचा एकच स्नॅपशॉट दिसतो) एकच ट्रान्झॅक्शन उघडा, पावत्यांची संख्या इंडेक्स वापरून मोजा, मग इंडेक्स बंद करून सरळ स्कॅनने मोजा. एकाच स्नॅपशॉटमध्ये दोन आकडे वेगळे आले की काम सापडलं. उलट्या दिशेने, म्हणजे पावती नंबर उतरत्या क्रमाने लावून, पण चालवा. मागच्या लिंकच्या चुका तिथेच निघतात. हे चालू असताना प्रायमरीवर इन्सर्ट आणि व्हॅक्यूम दोन्ही जोरात पाहिजेत.

४. दोन पेज सोडण्याच्या मध्ये मुद्दाम झोप घाला. रेसची फट नॅनोसेकंदांची असते, ती १०० मिलिसेकंदाची करा म्हणजे वरची टेस्ट मिनिटांत फेल होते. पोस्टग्रेस १७ पासून इंजेक्शन पॉइंट (कोडमध्ये ठरलेल्या जागी मुद्दाम थांबवायची सोय) आहेत, त्याने हे नीट करता येते. आधी चुकीचा कोड जाणूनबुजून टाकून टेस्ट फेल होते का ते पाहा. जी टेस्ट चुकीच्या कोडवर फेल होत नाही ती टेस्ट लिहून झालेली नाही.

५. एएमचेक (amcheck) या पोस्टग्रेससोबत येणाऱ्या एक्स्टेन्शनची इंडेक्स तपासणी स्टँडबायवर चालते, पण पालक-पोर ताडणारी मोठी तपासणी हॉट स्टँडबायवर चालत नाही. ती प्रमोट केल्यावर चालवा.

६. तुमचं इंजिन थ्रेडवर चालत असेल तर थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधली रेस पकडणारं टूल) लावा. पोस्टग्रेससारख्या वेगवेगळ्या प्रोसेस आणि शेअर्ड मेमरीच्या रचनेत तो प्रोसेस-प्रोसेसमधली रेस पाहू शकत नाही, तिथे त्याच्या शांततेवर विसंबू नका.

## टप्पा ८: रिव्ह्यूला पाठवताना

लॉक काढलात, छोटा केलात, किंवा लवकर सोडलात, तर त्या ओळीच्या वर हे असं लिहा:

"लिहिणारा: फक्त स्टार्टअप प्रोसेस. वाचणारे: स्टँडबायवरचे सगळे. आकडा फक्त वाढतो. शिळा दिसला तर वाचणारा लॉक घेऊन परत पाहतो. फाटू शकत नाही, ६४ बिट अ‍ॅटॉमिक. समांतर रिप्ले आला तर हे मोडेल."

शेवटचं वाक्य विसरू नका. कोणता बदल आला की हा युक्तिवाद कोसळेल, ते आजच सगळ्यात चांगलं तुम्हालाच माहीत आहे. सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही, आणि समांतर रिप्ले लिहिणारा पोरगा तोवर शाळेतून कॉलेजात आलेला असू शकतो.

लॉकचा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, नाव बदलणं, फाइल हलवणं त्यात मिसळू नका. फील्डवर काही विचित्र दिसलं तर तो एकटा कमिट मागे घेऊन पाहता आला पाहिजे. कमिटच्या मेसेजमध्ये आधीचा-नंतरचा थंडा आणि गरम वेळ, कोणत्या मशीनवर, आणि स्टार्टअप प्रोसेसच्या वाट पाहण्याची नोंद द्या. फायदा मोजमापाच्या हलण्याएवढाच असेल तर पाठवूच नका, लॉक राहू द्या.

आणि पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की टप्पा २ ची यादी परत काढा, निदान चेकपॉइंटर, बॅकग्राउंड रायटर आणि वॉल रिसीव्हर यांच्यापुरती, आणि आपल्या कोडमधल्या अशा सगळ्या कॉमेंट सर्च करून तिच्याशी एकेक ताडून पाहा.